दिसत नाही, मग योग कसा करणार?

"त्याला दिसतच नाही, तो काय आसनं करणार?" आणि "रोज प्राणायाम कर, नजर परत येईल." धाराशिव जिल्ह्यातल्या जळकोटसारख्या गावात ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळू शकतात. पहिल्यात माणसाला कमी लेखलंय, दुसऱ्यात योगाच्या गळ्यात न पेलणारं काम घातलंय. जास्त नुकसान दुसऱ्यानं होतं, म्हणून आधी तेच.

गेलेली नजर योगानं येत नाही. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, आणि ते आसनांनी निवळत नाही. शस्त्रक्रिया करून बदलावं लागतं. काचबिंदूत "नस सुकली" असं आपण म्हणतो, ती सुकलेली नस पुन्हा जिवंत होत नाही. थेंब, लेझर किंवा शस्त्रक्रियेनं जी उरली आहे ती वाचवता येते, इतकंच. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमध्ये अंधत्वाच्या सुमारे दोन तृतीयांश घटनांमागं मोतीबिंदू होता. म्हणजे दिसत नाही म्हणून घरात बसलेल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना योगशिक्षकाच्या आधी नेत्रतज्ज्ञ हवा, आणि त्यासाठी जळकोटहून सोलापूरची किंवा धाराशिवची एसटी धरायला हवी. उगवत्या सूर्याकडं टक लावण्याचा सल्ला देणारे अजून भेटतात. त्यानं डोळ्याचा पडदा भाजतो, दुसरं काही होत नाही.

मग योगाचा डोळ्यांशी संबंधच नाही का? थोडा आहे. दिल्लीच्या एम्समध्ये काचबिंदूच्या ९० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन आठवडे ध्यान केलेल्या गटात डोळ्यातला दाब उतरलेला दिसला. पण ध्यान हा उपचाराला जोड, थेंबांची सुट्टी नव्हे.

"योगानं कधी कुणाचं वाईट होत नाही" हा समज मात्र डोळ्यांच्या बाबतीत सरळ धोक्याचा आहे. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी ७५ योगसाधकांचा शीर्षासनात डोळ्यातला दाब मोजला. तो जवळजवळ दुप्पट झाला होता. हा अभ्यास २००६ चा. पुढं २०१५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी साधी वाटणारी आसनंही तपासली: हलासन, उभ्यानं पुढं वाकणं, भिंतीला पाय लावून झोपणं आणि अधोमुख श्वानासन. चारही स्थितींत दाब वाढला, श्वानासनात सर्वांत जास्त. निरोगी डोळा थोडा वेळ हे सोसतो. काचबिंदूनं आधीच अर्धमेल्या झालेल्या नसेला ते सोसेलच असं नाही. मधुमेहामुळं पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर डोकं खाली करणं, श्वास कोंडून जोर देणं, कपालभाती आणि भस्त्रिकेचे झटके या सगळ्यांतून डोळ्यात रक्तस्राव होण्याची भीती असते. पडदा सुटलेल्या किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नये. म्हणून "दिसत नाही" एवढं सांगून भागत नाही; कशामुळं दिसत नाही, हे शिक्षकाला कळलंच पाहिजे.

योगाचा खरा उपयोग डोळ्यांखेरीजच्या अंगाला आहे. आपण उभे राहतो ते तीन आधारांवर: नजर, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग, आणि तळपाय-सांध्यांतून मेंदूला मिळणारी खबर. डोळे मिटून एका पायावर उभं राहून बघा, नजरेचा वाटा किती मोठा आहे ते लगेच कळेल. तो आधार गेला की उरलेल्या दोघांना तयार करावं लागतं. ते आपोआप तल्लख होत नाहीत. पडण्याच्या भीतीनं माणूस कमी चालतो, अंग आखडतं, मग पडण्याची शक्यता आणखी वाढते. अमेरिकेत २१ दृष्टिहीन प्रौढांवर आठ आठवड्यांचा एक छोटा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात योग केलेल्यांचं शरीर तोलासाठी या उरलेल्या आधारांचा जास्त वापर करू लागल्याचं आढळलं. एवढ्या लहान प्रयोगावरून फार बोलू नये, पण दिशा पटणारी आहे. ताडासन, भिंतीला पाठ टेकून वृक्षासन, खुर्ची धरून वीरभद्रासन इतकी सुरुवात पुरे. खुर्ची, पट्टा, दोरी आणि भिंत यांचा आधार घेऊन आसनं शिकवण्याची रीत पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी रुजवलीच आहे, ती इथं नेमकी कामी येते.

"पण बघितल्याशिवाय शिकणार कसं?" दादरच्या कमला मेहता अंधशाळेतल्या मुली मल्लखांब करतात. पद्मश्री उदय देशपांडे यांनी शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरातून मल्लखांब दिव्यांगांपर्यंतही नेला. गुळगुळीत लाकडी खांबावर जमिनीपासून वर चढून जे जमतं, ते सतरंजीवर जमणार नाही म्हणायला आपली जीभ रेटू नये.

अडचण शिकणाऱ्याची नसते, शिकवणाऱ्याच्या बोलण्याची असते. "असं करा", "हात इकडं", "माझ्याकडं बघून" हे शब्द या वर्गात निरुपयोगी. "उजवा हात कानाला लावून सरळ वर, तळवा डावीकडं" असं बोलावं लागतं. अंगाला हात लावायचा तर आधी सांगून, विचारून. अचानक कुणी खांदा धरला की माणूस दचकतो आणि तोल जातो. चटईच्या कडेला जाड दोरी शिवली की पायाला दिशा कळते.

आणखी एक. अंध म्हणजे डोळ्यांपुढं पूर्ण काळोख, असं बहुतेक वेळा नसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असली की अंधत्व धरतात. अशा पुष्कळांना उजेड, सावली, ठळक रंग कळतात. काळ्या फरशीवर पिवळी चटई टाकली तरी त्यांचं काम सोपं होतं. डोळे अधू आहेत म्हणून ध्यान चटकन लागतं, हीही भाबडी कल्पना. मन त्यांचंही तितकंच भटकतं, आणि नजर जाण्याचं दुःख ताजं असेल तर जास्तच.

गावात योगवर्ग घेणाऱ्यांनी दृष्टिहीन माणसाला कडेच्या खुर्चीवर बसवू नये. आजाराचं नाव विचारा, डॉक्टरांचा कागद बघा, भिंतीलगतची जागा द्या आणि प्रत्येक हालचाल तोंडानं सांगा. थेंब चालू असतील तर ते चालूच ठेवायला सांगा.