पेन्शनची वाटणी

नोव्हेंबर आला की लातूरच्या आमच्या शाखेत हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागायची. त्या गर्दीत एकदा एक बाई आल्या. नवरा नांदेडकडचा शाळामास्तर, नुकताच वारलेला. सोबत दोन मुलगे. थोरल्याच्या हातात मृत्युपत्र. मास्तरांनी घर, शेत, बँकेतली शिल्लक वाटून दिली होती आणि शेवटी लिहिलं होतं : पेन्शन दोघांनी निम्मी निम्मी घ्यावी, आईला सांभाळावं.

मी म्हणालो, "बाकीचं ठीक आहे. पेन्शन मात्र मास्तरांना देता येत नाही."

"बापाची पेन्शन बापाची नव्हती?" थोरला उसळला.

होती, त्यांच्या हयातीपुरती. त्यानंतर सुरू होतं ते कुटुंब निवृत्तिवेतन, आणि ते कोणाला हे नियम ठरवतात. १९९१ साली व्हायोलेट आयझॅक खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. तिथं एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या भावानं मृत्युपत्र पुढे केलं होतं. न्यायालय म्हणालं, कुटुंब निवृत्तिवेतन ही मृताची मालमत्ताच नव्हे, ते मृत्युपत्रानं देता येत नाही.

"मग टॅक्स कुणी भरायचा?" धाकटा हिशेबी होता.

वारशावरचा कर, म्हणजे इस्टेट ड्युटी, १९५३ साली आला आणि १९८५ साली गेला. त्यामुळे पासबुकातली शिल्लक वारसांना मिळते ती करमुक्त. पुढचं व्याज तेवढं त्यांचं उत्पन्न. पेन्शनचं तसं नाही. मास्तरांच्या हातात ती पगारात धरली जाई. विधवेच्या हातात ती 'इतर मार्गांनी मिळालेलं उत्पन्न' होते. त्यातून एक तृतीयांश किंवा १५,००० रुपये, यांतली कमी रक्कम वर्षाला वजा होते. २०२४च्या अर्थसंकल्पानं नव्या करपद्धतीत ही मर्यादा २५,००० केली. लहान पेन्शनवर बहुधा कर लागतच नाही, पण उत्पन्न धरायचं ते बाईंचं.

विमा कंपनीकडून घेतलेल्या वर्षासनाचं निराळं. पती-पत्नी दोघांच्या नावानं घेतलं असेल तर मागे राहिलेल्याला ते चालू राहतं, आणि करपात्र असतं. मुद्दल परत न मिळणाऱ्या वर्षासनात आपलेच पैसे थोडेथोडे परत येत असतात, तरी कर सगळ्या रकमेवर. हे मला नोकरीतही पटलं नाही, आजही पटत नाही. असो.

बाई इतका वेळ पदर तोंडाशी धरून गप्प होत्या. फॉर्मवर सही करताना म्हणाल्या, "म्हंजे साहेब, ते माझ्याच नावावर येतंय का?"

"तुमच्याच. दर महिन्याला."

पासबुकासाठी थोरल्यानं हात पुढे केला होता. बाईंनी ते आपल्या पिशवीत टाकलं.