पेल्यातलं वेगळं, मजुरीतलं वेगळं



आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, ताई, हे काय काढलंत? वाईन आणि कॉफी! एक आपल्या घरात चालत नाही आणि दुसरी पाहुणेरावळे आले तरच होते. पण पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत हंगामाला जाणाऱ्या आपल्या कितीतरी बाया आहेत. त्यातल्या काही बागा वाईनच्या द्राक्षांच्या असतात. त्यामुळे गटांच्या बैठकांत आम्हाला एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. "आपण गावात दारूबंदीचा ठराव करतो आणि सकाळी उठून वाईनच्या द्राक्षाला कामाला जातो. हे बरोबर आहे का?"

प्रश्न खरा आहे, आणि तो विचारणाऱ्या बाईच्या मनाला टोचलेला असतो. म्हणून उत्तराची घाई न करता आधी हे धंदे समजून घेऊ. कॉफी सोबत का घेतली, तेही पुढे लक्षात येईल.

वाईन कशी होते

वाईन म्हणजे आंबवलेला द्राक्षरस. इडलीचं पीठ रात्रभर ठेवलं की फुगतं, तेव्हा डोळ्यांना न दिसणारे जीव काम करत असतात. वाईनमध्ये हे काम यीस्ट करतं. ते रसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. पांढऱ्या वाईनसाठी आधी रस पिळून साली बाजूला काढतात. लाल वाईनसाठी काळी द्राक्षं सालीसकट आंबवतात, कारण रंग सालीतून उतरतो. स्टीलच्या मोठ्या टाक्यांत, थंडावा सांभाळून हे काम चालतं. एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात.

ही द्राक्षं आपण बाजारात घेतो ती नव्हेत. थॉमसन, सोनाका, शरद ही खायची द्राक्षं. त्यांचा मणी मोठा, साल पातळ, आत बी नाही. वाईनचं द्राक्ष बारीक मण्याचं, जाड सालीचं, बीवालं. शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लां अशी त्यांची नावं बागेत गेलेल्यांनी ऐकली असतील. या द्राक्षाचा मणी फुगवायचा नसतो. म्हणून मण्यांची विरळणी आणि जीएचं डिपिंग ही कामं इथे सहसा नसतात. आपल्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. खायच्या द्राक्षाची एक एकर बाग बायांना जितके दिवस काम देते, तितके दिवस वाईनची बाग देत नाही.

नाशिकला हा धंदा फार जुना नाही. आपल्या राज्यात 1980 च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला वाईनचा मोठा कारखाना निघाला. नाशिकजवळ सुला कंपनीने 1997 मध्ये वाईनची द्राक्षं लावली आणि 2000 साली पहिली वाईन विकायला काढली. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं. विंचूरला वाईन पार्क झालं. अनेक शेतकऱ्यांनी कारखान्यांशी करार करून बागा लावल्या.

मग 2008 नंतर मंदी आली. वाईनचा खप घटला, काही कारखाने बंद पडले, आणि कितीतरी शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा उपटून टाकल्या. का उपटल्या? खायचं द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारलं तर दुसऱ्याकडे जातं, नाहीतर त्याचा बेदाणा होतो. वाईनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे कारखाना. त्याने दार लावलं की शेतकरी अडला. आणि शेतकरी अडला की पहिली मजुरी अडते ती आपली.

कॉफी कशी होते

आता कॉफीकडे येऊ. कॉफी हेही एक फळच आहे. लहान बोरासारखं, पिकलं की लालभडक होतं. आत बहुधा दोन बिया असतात आणि आपण पितो ती त्या बियांची भाजून दळलेली पूड. बाबा बुदान नावाच्या फकिराने सतराव्या शतकात येमेनहून कॉफीचे सात दाणे आणले आणि कर्नाटकात चिकमंगळूरच्या डोंगरात लावले, असं परंपरेने सांगतात. आज देशातली सुमारे 70 टक्के कॉफी कर्नाटकात होते. चिकमंगळूर, कोडगू आणि हासन हे तिचे मुख्य जिल्हे. आपल्या महाराष्ट्रातही मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत. इंग्रजांच्या काळात ती लावली गेली.

कॉफी मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. त्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये एक चांगला पाऊस पडला की पांढरी फुलं येतात. अराबिका जातीची तोडणी साधारण नोव्हेंबरपासून आणि रोबस्टाची त्यानंतर सुरू होते. सगळी फळं एकदम पिकत नाहीत. म्हणून त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जाऊन फक्त लाल फळ तोडायचं असतं. हे काम बहुतेक बायाच करतात, त्यांतल्या कितीतरी बाहेरगावाहून आलेल्या. बऱ्याच मळ्यांत मजुरी तोडलेल्या किलोवर ठरते.

तोडल्यावर फळ सोलतात, धुतात, वाळवतात. काही ठिकाणी सोलण्याआधी आख्खंच वाळवतात. सहा किलोच्या आसपास फळातून वाळलेली बी एक किलो निघते. भाजल्यावर तिचंही वजन घटतं.

एक सूचना घरासाठी. कॉफीच्या पाकिटावर बारीक अक्षरात चिकोरीचा टक्का लिहिलेला असतो, तो वाचा. चिकोरी हे भाजलेलं मूळ आहे आणि कायद्याने ते 49 टक्क्यांपर्यंत मिसळता येतं. म्हणजे कॉफीच्या भावात अर्धं मूळ घरी येऊ शकतं. दुसरी सूचना रक्त कमी असलेल्या बायांसाठी. जेवणासोबत किंवा लोहाच्या गोळीसोबत चहा-कॉफी घेतली की लोह अंगी कमी लागतं. मध्ये तासाभराचं अंतर ठेवा.

दोन्हीतलं सारखेपण

आता बघा, एक पेय बदनाम आणि दुसरं प्रतिष्ठित. कॉफी पिणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही. पण तोडणीपाशी जाऊन पाहिलं तर दोन्ही धंदे सारखेच दिसतात.

दोन्ही फळं नाशवंत आहेत. तोडलेलं वाईनचं द्राक्ष आणि तोडलेलं लाल कॉफीफळ लवकर कारखान्यात किंवा खळ्यावर पोचलं नाही तर बिघडतं. म्हणून तोडणीच्या दिवसांत सगळ्यांनाच घाई असते. घाईत काटा नीट बघितला जात नाही. कॅरेट रिकामं किती वजनाचं, ते विचारलं जात नाही. टोळीचे पैसे मुकादमाच्या हातात जातात आणि एकरी किती ठरले होते हे त्यालाच माहीत असतं. दोन्हीकडे खरी किंमत वाढते ती फळ बांधावरून गेल्यानंतर, आंबवताना, भाजताना, बाटलीत आणि पाकिटात भरताना. आपले हात लागतात ते त्याआधी.

म्हणजे प्रतिष्ठित पेयाच्या धंद्यात मजुरी आपोआप न्याय्य होत नाही. आणि बदनाम पेयाच्या धंद्यात घाम गाळणारी बाई काही बदनाम होत नाही. कॉफी सोबत घेतली ती एवढ्यासाठी.

मग त्या प्रश्नाचं काय?

आमचं म्हणणं असं, की हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतवू नयेत. माझ्या घरात, माझ्या गावात दारू यावी का, हा एक प्रश्न. माझ्या कामाचं माप आणि दाम बरोबर आहे का, हा दुसरा. गुंता झाला की नुकसान आपलंच होतं. मजुरी वाढवून मागायला गेलेल्या बायांना ऐकवतात, "तुम्ही तर दारूबंदीवाल्या, मग येता कशाला?" आणि ठराव मांडायला उठलेल्या बाईला म्हणतात, "तुझी चूल तर वाईनवरच पेटते." दोन्ही वेळा बाई गप्प बसते. दोन्ही वेळा तिने गप्प बसू नये.

पहिल्या प्रश्नाबद्दल स्पष्ट बोलू. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचा निर्णय राज्य सरकारने घेतला, तेव्हा मोठा वाद झाला. वाईन म्हणजे दारू नव्हे, असंही कोणी म्हणालं. हिशोब करून बघा. वाईनमध्ये साधारण 12 ते 14 टक्के अल्कोहोल असतं, व्हिस्की-रममध्ये 42 टक्क्यांच्या वर. म्हणून वाईन सौम्य खरी. पण 150 मिलीचा एक ग्लास वाईन प्यायली की पोटात जातं तेवढं अल्कोहोल 40-45 मिली व्हिस्कीत असतं. फळापासून झाली म्हणून ती सरबत होत नाही. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं आहे. गरोदर बाईने तर थेंबही घेऊ नये.

गावातलं दारू दुकान बंद करण्यासाठी आपल्या राज्यात मतदानाची वाट आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर उभी आणि आडवी बाटली असते. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडली पाहिजेत. 'एकूण' हा शब्द लक्षात ठेवा. जी घरी बसली, तिचं मत दुकानाच्या बाजूने गेल्यासारखंच होतं. वाईनच्या बागेत काम करणारी बाईही या रांगेत ताठ मानेने उभी राहू शकते.

दुसऱ्या प्रश्नासाठी काय करायचं

पहिलं, वही. कामाला जाणाऱ्या टोळीतल्या एकीने रोजची नोंद ठेवायची. तारीख, बाग कोणाची, काम काय, किती बाया, किती एकर किंवा किती कॅरेट, ठरलेला दर, मिळालेले पैसे. काम उक्तं घेतलं असेल तर एकूण रक्कम बायांच्या संख्येने आणि दिवसांनी भागा. दिवसाला किती पडले ते कळेल. रोजापेक्षा कमी पडत असेल तर उक्त्याचा फायदा कोणाला झाला, हेही कळेल.

दुसरं, दर आधी ठरवा आणि सगळ्यांसमोर ठरवा. मुकादमाला एकट्याने विचारण्यापेक्षा पाचजणींनी मिळून मालकासमोर विचारलेलं बरं. शेतमजुरीला किमान वेतनाचा कायदा लागू आहे. आणि एकाच कामाला पुरुषाला जास्त, बाईला कमी असं करता येत नाही, हे कायदा 1976 पासून सांगतो आहे.

तिसरं, फवारणी. बागेत शिरण्याआधी कोणतं औषध कधी मारलं ते विचारा. डब्यावर रंगीत त्रिकोणाची खूण असते. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, निळा आणि हिरवा. डिपिंगच्या कामाला हातमोजे मागून घ्या. न धुतलेल्या हाताने भाकरीला हात लावू नका.

चौथं, जे गट स्वतःचा धंदा करू बघतात त्यांच्यासाठी. काहीजणी विचारतात, घरी जांभळाची वाईन करून विकावी का? परवान्याशिवाय ते करू नका, तो गुन्हा ठरतो. पण कॉफीच्या धंद्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आंध्र प्रदेशात अराकूच्या खोऱ्यात छोटे आदिवासी शेतकरी कॉफी पिकवतात. त्यांच्यातल्या अनेकांनी सहकारी संघ केला आणि फळावर प्रक्रिया करून ते एकत्र विकायला लागले. अराकूच्या कॉफीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यातली मेख अशी, की ओलं फळ थांबू शकत नाही आणि वाळलेली बी थांबू शकते. ज्याचा माल थांबू शकतो, तो भावासाठीही थांबू शकतो.

आपल्याकडे हेच काम बेदाणा करतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. सांगली-तासगावच्या भागात तर यावर मोठा बाजार उभा आहे. अन्नपदार्थाच्या धंद्याची नोंदणी करून, स्वच्छता सांभाळून, थोड्या मालापासून गट सुरुवात करू शकतो. मालाला गिऱ्हाईक आधी शोधा, मग कर्जाचा अर्ज भरा. आणि गिऱ्हाईक एकच असेल तर 2008 नंतरच्या वाईनच्या बागा आठवा.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येक गटाने एक कागद आणायचा. त्यावर या हंगामात कोणकोणत्या कामाला, कोणत्या गावात, काय दर मिळाला एवढंच लिहायचं. नाव लिहायची गरज नाही. सगळ्या गटांचे कागद शेजारी शेजारी ठेवले की एकाच कामाचे किती वेगवेगळे दर चालू आहेत ते आपल्याच डोळ्यांना दिसेल. पुढच्या छाटणीच्या आधी दर कोणता मागायचा, ते मग बसून ठरवू.