कुकरीच्या पात्यावरचं पाणी

कुकरी घडते बहुधा ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांतून. नेपाळी लोहार तापलेल्या पात्याच्या धारेवरच किटलीच्या तोटीतून पाणी सोडतो. धार कडक होते, पाठ चिवट राहते. या दोन्हींमधली सीमारेषा घरीही उठवता येते. पातं बारीक पॉलिशपेपरने घासून ॲसिटोनने पुसा (बोटाचा तेलकट ठसासुद्धा डाग होऊन बसतो!), मग कोमट व्हिनेगरमध्ये बुडवा. हळूहळू पोलाद राखाडी होतं, धारेची छटा पाठीहून वेगळी दिसू लागते. काळी पूड पुसा, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच तेल लावा. फेरिक क्लोराइड जलद काम करतं, पण कपड्यांवरचे त्याचे डाग जात नाहीत.

पात्यावर निळसर झाक, म्हणजे निळाई, हवी असेल तर ते गॅसवर तापवू नका. साधारण ३०० अंश सेल्सिअसला रंग सुरेख येतो, पण धार मऊ पडू शकते. शिवाय मूठ लाखेसारख्या डिंकाने बसवलेली असेल तर तीही सुटते. त्यापेक्षा थंड निळाईचं द्रावण बरं. त्यात बहुधा विषारी सेलेनियमचं संयुग असतं, म्हणून हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. आणि मटण कापायच्या कुकरीला निळाई नकोच.