रुंद अक्षरांची वाट

“यंत्राला मराठी येत नाही,” हे वाक्य कचेऱ्यांतून आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. पगारपत्रकावर कामगाराच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ छापून आली, की हेच उत्तर मिळते. ज्याचे नाव गेले त्याला उद्या फंडाचा किंवा रजेचा हक्क सिद्ध करताना अडचण पडते. म्हणून हे उत्तर कितपत खरे आहे ते पाहू. त्यासाठी ‘सी’ ही संगणकाची भाषा घेऊ.

डेनिस रिची यांनी ही भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रचली. तिच्यात अक्षर ठेवण्याच्या मूळ कोठीस ‘चार’ म्हणतात. तिची रुंदी एक बाइट, म्हणजे तीत २५६ पर्यंतच निरनिराळ्या खुणा मावतात. इंग्रजीला तेवढ्या पुरून उरतात. चिनी-जपानीसारख्या लिप्यांना मुळीच पुरत नाहीत. म्हणून १९८९ च्या प्रमाणित सीमध्ये ‘डब्ल्यूचार-टी’ ही रुंद कोठी आली. लिनक्सवर ती चार बाइटांची असते, विंडोजवर दोन. रुंद अक्षरे बाहेर लिहिणारी ‘पुटडब्ल्यूचार’ आणि ‘डब्ल्यूप्रिंटएफ’ ही फंक्शने १९९५ च्या पुरवणीने दिली. दरम्यान १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली व देवनागरीलाही क्रमांक मिळाले. आपल्या ‘म’चा क्रमांक २३५०. रुंद कोठीत तो आरामात बसतो.

मग अडते कोठे? अडते ते दारात. प्रोग्रामचे लिखाण ज्या वाटेने पडद्याकडे जाते, तिला ‘स्टँडर्ड आउटपुट’ म्हणतात, आणि त्या वाटेने शेवटी बाइटच जातात. जुन्या मंडळींना कुर्डुवाडी आठवत असेल. मोठ्या रुळावरून आलेला माल तेथे उतरवून बार्शी लाइनच्या लहान डब्यांत भरावा लागे. येथेही तसेच आहे. रुंद कोठीतला ‘म’ उतरवून बाइटांत भरावयाचा असतो. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ साली आखलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीने त्याचे २२४, १६४ आणि १७४ असे तीन बाइट होतात. ‘मराठी’ या शब्दात काने-वेलांट्यांसह पाच खुणा आहेत. त्यांचे पंधरा बाइट होतात.

पण माल कोणत्या पद्धतीने भरावयाचा, हा हुकूम कोणी तरी द्यावा लागतो. या हुकुमास ‘लोकेल’ म्हणतात. प्रमाणित नियम असा, की यंत्र मराठीवर लावलेले असले तरी प्रत्येक प्रोग्राम ‘सी’ नावाच्या मूळ लोकेलमध्येच सुरू होतो. त्यात देवनागरी भरण्याची हमी नाही. परिणामी कधी प्रश्नचिन्ह उमटते, कधी काहीच नाही. उपाय एका ओळीचा आहे. आरंभीच ‘सेटलोकेल’ या फंक्शनला मोकळे नाव देऊन बोलवावे. म्हणजे यंत्रावर लावलेले लोकेल प्रोग्राम उचलतो. ते यूटीएफ-८ चे असले, की लिनक्सवर काम भागते. विंडोजवर बहुधा त्या वाटेची रीत ‘सेटमोड’ने निराळी ठरवावी लागते.

आणखी एक मेख आहे. या वाटेवर पहिले लिखाण रुंद झाले तर ती वाट रुंद ठरते, अरुंद झाले तर अरुंद. त्यानंतर दोन्ही प्रकारची फंक्शने मिसळून चालत नाहीत. लिनक्सवर रुंद वाटेने साध्या ‘प्रिंटएफ’ने पाठविलेला मजकूर मुकाट्याने नाहीसा होतो. फंक्शन ऋण आकडा परत करते खरे, पण तो तपासतो कोण? वाट कोणती ठरली आहे, हे ‘एफवाइड’ला विचारता येते. कित्येक जाणकार रुंद कोठीचे नावच काढीत नाहीत. यूटीएफ-८ चे बाइट साध्या वाटेने थेट पाठवितात. तीही रीत चांगली, मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकच रीत पाळावी.

तात्पर्य, यंत्राला मराठी येते की नाही हा वादच नाही. एक हुकूम द्यावयाचा आणि एक शिस्त पाळावयाची, एवढेच काम आहे. ते माणसाचे आहे. संघटनेच्या कामात आम्ही एक धडा शिकलो. मागणी मोघम असली, की उत्तरही मोघम मिळते. “आमची नावे नीट छापा” एवढे म्हणून थांबू नये. प्रोग्रामने लोकेल लावले आहे काय, वाट एकाच प्रकारची ठेवली आहे काय, फंक्शनने परत दिलेला आकडा तपासला आहे काय, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. त्यांना “येत नाही” हे उत्तर होऊ शकत नाही.