न बदलणाऱ्या स्ट्रिंग आणि पोर्टिंगमधले गैरसमज

एका भाषेतला कोड दुसरीत नेताना व्याकरणाच्या चुका लगेच उघड होतात. स्ट्रिंगच्या बाबतीत मात्र प्रोग्राम बिनतक्रार चालतो आणि उत्तर चुकतं. सी++ आणि रुबीमध्ये स्ट्रिंग जागच्या जागी बदलता येते. जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, सी शार्प आणि गो या भाषांत एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलत नाही. हा फरक ठाऊक असूनही त्याचे परिणाम नजरेतून सुटतात.

गैरसमज: त्याच अर्थाची मेथड सापडली की काम झालं. वस्तुस्थिती: रुबीतली उद्गारचिन्हासह लिहिलेली ‘अपकेस!’ मूळ स्ट्रिंगच मोठ्या अक्षरांत बदलते. पायथनची ‘अपर’ नवी स्ट्रिंग परत देते. ती कुठे ठेवून घेतली नाही तर वाया जाते आणि पायथन हटकतही नाही. मजकूर जोडताना तर जास्तच फसगत होते. रुबीत फंक्शनला दिलेल्या स्ट्रिंगला ‘<<’ ने मजकूर जोडला, की ते फंक्शन बोलावणाऱ्याकडची स्ट्रिंगही बदलते. पायथनमध्ये त्याजागी ‘+=’ लिहिलं, तर फंक्शनच्या आतलं व्हेरिएबल नव्या स्ट्रिंगकडे वळतं आणि बाहेरची जुनीच राहते. इथे नवी स्ट्रिंग परत द्यायला आणि बोलावणाऱ्याने ती ठेवून घ्यायला हवी. चाचण्यांत हे सापडेलच, असं कुणी म्हणेल. पण चाचणी फक्त परत आलेलं मूल्य तपासत असेल, तर ती दोन्ही भाषांत पास होते.

गैरसमज: न बदलणारी स्ट्रिंग मुळातच संथ, म्हणून सगळीकडे बिल्डर वापरावा. वस्तुस्थिती: खर्च होतो तो लूपमध्ये. जावात एकेक करून १०,००० अक्षरं जोडली, तर दर फेरीला आधीचा सगळा मजकूर नव्याने कॉपी होतो. एकूण ५ कोटी ५ हजार अक्षरं लिहिली जातात. तिथे स्ट्रिंगबिल्डर हवाच. पायथनमध्ये तुकडे लिस्टमध्ये साठवून शेवटी ‘जॉइन’ करावेत. गोमध्ये २०१८ च्या १.१० आवृत्तीपासून त्यासाठी बिल्डर आहे. एका ओळीत तीन-चार तुकडे जोडायचे असतील, तर जावाचा कंपायलर ते स्वतःच नीट हाताळतो. सीपायथनमध्ये लूपमधलं ‘+=’ वेगात चालतं, मग ‘जॉइन’ कशाला, हा आक्षेप अर्धाच बरोबर आहे. तो वेग त्या इंटरप्रिटरची सवलत आहे, भाषेची हमी नाही.

गैरसमज: उलट दिशेने पोर्ट करताना धोका नाही. वस्तुस्थिती: जावात एकच स्ट्रिंग अनेक थ्रेडना निर्धास्तपणे देता येते. तपासून घेतलेला फाइलचा पाथ तपासणीनंतर दुसरं कुणी बदलू शकत नाही. रुबीत आल्यावर ही हमी आपोआप मिळत नाही: ऑब्जेक्टने आतली स्ट्रिंग बाहेर दिली आणि तिथे कुणी ‘<<’ चालवलं, की आतला डेटा बिघडतो. म्हणून देताना ‘डुप’ने प्रत द्यावी किंवा ‘फ्रीझ’ने स्ट्रिंग गोठवावी. कोडमध्ये थेट लिहिलेल्या स्ट्रिंग गोठवण्याची सोय रुबीनेही २०१५ मध्ये २.३ आवृत्तीत दिली.

पोर्टिंगला बसताना मेथडींचा तक्ता उपयोगी पडतोच. पण त्याआधी मूळ कोडमधली स्ट्रिंग बदलणारी प्रत्येक ओळ शोधावी आणि तीच स्ट्रिंग आणखी कुणाच्या हातात आहे, ते पाहावं. त्या बदलावर कुणी विसंबून असेल, तर तिथे भाषांतर पुरत नाही. डिझाइनच बदलावं लागतं.