भोक मोठे करण्याआधी

धायरीहून नऱ्ह्याकडे जाताना मुख्य रस्त्याच्या आत पत्र्याच्या शेडची रांग लागते. कुठे लेथ, कुठे मिलिंग, कुठे नुसते वेल्डिंग. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या एका शेडमध्ये मी मित्राच्या जीपचा इंजिन ब्लॉक घेऊन गेलो. जीप १९६०च्या दशकातली, त्याच्या वडिलांनी घेतलेली. आधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये इंजिनाचे काम झाले होते आणि तीन महिन्यांत ते पुन्हा खडखडू लागले होते. मिस्त्रींनी ब्लॉक आडवा केला, एका भोकात टॅपेट सरकवला, बोटांनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, ‘‘भोक मोठं केलंय साहेब, पण वाकडं केलंय.’’

मी इंजिनिअर नाही. जुन्या यंत्रांविषयी वाचत, कारखान्यांत उभा राहून बघत जे शिकलो तेवढेच माझे शिक्षण. पण त्या एका वाक्याने मला पुढचे काही महिने कामाला लावले. भोक मोठे करणे आणि भोक सरळ करणे यांत इतका काय फरक आहे?

आधी टॅपेट म्हणजे काय ते पाहू. इंजिनाच्या पोटात क्रँकशाफ्टला समांतर असा एक दांडा फिरतो, तो कॅमशाफ्ट. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. प्रत्येक उंचवट्यावर लोखंडी दट्ट्यासारखा एक तुकडा बसतो. उंचवटा आला की तो वर ढकलला जातो आणि व्हॉल्व्ह उघडतो. या तुकड्याला आपल्याकडचे मिस्त्री टॅपेट म्हणतात, अमेरिकेत लिफ्टर. क्रँकशाफ्टचे मिनिटाला ३००० फेरे पडत असतील तर कॅमशाफ्टचे १५०० पडतात, म्हणजे प्रत्येक टॅपेट सेकंदाला २५ वेळा वरखाली होतो.

आपल्याकडे जीप आली ती विलीजची. १९४७मध्ये महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. तिचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन १३४ घनइंचांचे, म्हणजे सुमारे २.२ लिटरचे. या इंजिनात आठही टॅपेट ब्लॉकमध्येच पाडलेल्या भोकांत चालतात. भोकांना वेगळा बुश नाही. त्यामुळे भोक झिजले म्हणजे ब्लॉकच झिजला. कॅमचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो तसा थोडा बाजूलाही रेटतो, आणि वर्षानुवर्षांच्या त्या रेट्याने गोल भोक अंडाकृती होते.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे रीमर फिरवून भोक मोठे करायचे आणि त्यात ओव्हरसाइझ टॅपेट बसवायचा. फरक असतो काही थाऊंचा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिलिमीटर. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. सुतार सुतात मोजतो, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टर्नरचा थाऊ त्याच्या सव्वाशेपट बारीक.

हेच काम जगात दुसरीकडे वेगळ्याच कारणासाठी होते, हे मला नंतर कळले. अमेरिकेत, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात, जुन्या गाड्या स्वस्तात घेऊन त्यांची इंजिने वाढवायची आणि कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रात पळवायच्या, असा नाद दुसऱ्या महायुद्धाआधीच रुजला होता. फोर्डचे १९३२चे व्ही-८ इंजिन या मंडळींचे लाडके. १९३७मध्ये त्यांची संघटना झाली आणि १९४८मध्ये ‘हॉट रॉड’ नावाचे मासिकही निघाले. तिथे भोक झिजले म्हणून मोठे करत नाहीत. चांगले असलेले भोक मुद्दाम मोठे करतात.

त्यामागची भूमिती फार सुंदर आहे. टॅपेटचे बूड जवळपास सपाट असते. उंचवट्याचा चढ त्याखाली आला की दोघांचा स्पर्शबिंदू बुडाच्या मध्यापासून कडेकडे सरकतो. चढ जितका तीव्र, व्हॉल्व्ह जितक्या वेगाने उघडणार, तितका तो बिंदू कडेकडे. कडेच्या बाहेर गेला तर टॅपेटची धार उंचवट्याला खरवडून काढते. म्हणजे व्हॉल्व्ह किती झपाट्याने उघडता येईल, याची मर्यादा टॅपेटच्या रुंदीने ठरते.

शेवरलेच्या व्ही-८ इंजिनांतला टॅपेट ०.८४२ इंचाचा, म्हणजे २१.४ मिलिमीटरचा. क्रायस्लरचा ०.९०४ इंचाचा, म्हणजे जवळजवळ २३ मिलिमीटरचा. हिशेब मांडला तर कॅम एक अंश फिरताना पहिला जास्तीत जास्त ०.१८७ मिलिमीटर उचलला जाऊ शकतो, दुसरा ०.२००. फरक सुमारे सात टक्क्यांचा. शर्यतीत त्याला मोल आहे, कारण व्हॉल्व्ह तितकाच वेळ उघडा राहूनही जास्त हवा आत येते. म्हणून शेवरलेच्या ब्लॉकमध्ये मोठ्या टॅपेटसाठी भोके वाढवून घेतात. बुडाशी चाक असलेला रोलर टॅपेट वापरला तर ही सपाट बुडाची मर्यादा राहत नाही, पण मोठ्या अंगात मोठे चाक मावते आणि उंचवट्यावरचा दाब जास्त जागेत वाटला जातो.

मात्र तिथला चांगला कारागीर भोक मोठे करण्याआधी एक प्रश्न विचारतो. हे भोक मुळात जागेवर आहे का? कारखान्यात हजारोंनी ब्लॉक निघतात, तेव्हा काही भोके किंचित तिरपी किंवा पुढेमागे पडतात. भोक तिरपे असेल तर तो व्हॉल्व्ह इतरांच्या मानाने थोडा लवकर किंवा उशिरा उघडतो. शिवाय सपाट बुडाचा टॅपेट वरखाली होताना स्वतःभोवती हळूहळू फिरायला हवा. त्यासाठी बुडाला नजरेला न दिसणारा फुगवटा आणि उंचवट्याला किंचित उतार दिलेला असतो. भोक तिरपे झाले की हे फिरणे थांबते, एकाच जागी घासून बूड खड्ड्यासारखे होते आणि उंचवटाही झिजतो.

आणि इथेच रीमरचा दोष उघडा पडतो. रीमर जुन्या भोकाच्याच वाटेने जातो. भोक वाकडे असेल तर तो मोठे वाकडे भोक करतो. सरळ करायचे तर ब्लॉक मशीनच्या बेडवर आवळून, क्रँक आणि कॅमच्या भोकांवरून माप घेऊन, एका धारेच्या बोअरिंग टूलने नव्याने कापावे लागते. टूल जुन्या भोकाला जुमानत नाही, मशीनच्या अक्षालाच धरून राहते. मग हवे तर बुश दाबून बसवायचा, त्याला तेलाचे भोक जुळवायचे आणि शेवटी होनिंग करून मापावर आणायचे. टॅपेट आणि भोक यांत दीड थाऊच्या आसपास जागा ठेवतात. कमी ठेवली तर टॅपेट अडकतो, जास्त ठेवली तर डुलतो आणि तेलही निसटते. किती कापायचे यालाही हद्द आहे. भोकांच्या मधली भिंत पातळ होते, शेजारून तेलाची वाट गेलेली असते.

आमच्या ब्लॉकची दोन भोके हाताने रीमर फिरवून वाढवली होती. एकातला टॅपेट अडकत होता, दुसऱ्यातला एका बाजूला झिजला होता. मी मिस्त्रींना विचारले, ‘‘आणखी मोठा टॅपेट नाही का बसणार?’’

‘‘बसेल की. पण त्यानंतर पुन्हा झिजलं तर कुठून आणणार लोखंड?’’

दुसरा ब्लॉक आणावा, असे मित्राचा मुलगा म्हणत होता. पण इंजिनाचा नंबर ब्लॉकवरच, पुढे पाण्याच्या पंपाजवळ ठोकलेला असतो आणि तोच आरसी बुकात असतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार गाडी नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी लागते. अमेरिकेसारखा हॉट रॉडचा नाद आपल्या रस्त्यावर न रुजण्यामागे पैशाइतकाच हाही भाग आहे. आपल्याकडे ही कला वेगासाठी नाही, गाडी टिकवण्यासाठी वाढली. १९४६मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. अशा इंजिनांनी विहिरींवर पाणी उपसले आणि ती झिजल्यावर बोअर करून देणारे लेथवाले तालुक्यातालुक्यांत तयार झाले. धायरीतले मिस्त्री त्याच परंपरेतले.

त्यांनी दोन्ही भोके क्रँकच्या रेषेवरून नव्याने कापली, कास्ट आयर्नचे बुश बसवले आणि आतून होनिंग करून मूळ मापावर आणली. म्हणजे भोक मोठे केले ते पुन्हा लहान करण्यासाठी. उद्या बुश झिजला तर बुश बदलेल, ब्लॉकला हात लावावा लागणार नाही. या कामाला चार दिवस लागले, त्यातला दीड दिवस नुसता ब्लॉक बेडवर लावून माप जुळवण्यात गेला. कापायला लागले काही तास.

शेवटी त्यांनी तेलाचे बोट लावून टॅपेट भोकात सोडला. तो आपल्याच वजनाने, न अडकता, सावकाश खाली उतरला. मिस्त्रींनी मान हलवली आणि दुसरा उचलला. त्यांच्या शेडमध्ये हे काम शिकायला सध्या कुणी नाही. मी शेजारी वही घेऊन उभा होतो, ब्लॉक कसा लावला, कुठून माप घेतले, ते लिहून घेत. आता तेवढे तरी कागदावर आहे.