खर्जाची तार अबोल का?

विजेवर चालणाऱ्या पाचतारी बास गिटारची खर्जाची तार सर्वांत जाड. शेजारची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, ही अवघी ३१ वेळा. हिचाच आवाज दबका येऊ लागला, तर ‘तार गेली’ म्हणून ती फेकायची का? थांबा, मित्रांनो! नवी तार काही स्वस्त नसते.

तारांखाली ‘पिकअप’ असतो. चुंबक, आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच! तार चुंबकापासून दूर असेल, तर ही वीज क्षीण. तेव्हा त्या बाजूचा स्क्रू फिरवून पिकअप किंचित वर घ्यावा. हावरेपणा मात्र नको. फार जवळ नेला, तर चुंबक तारेला ओढतो नि सूर बिघडतो.

एवढ्याने भागले नाही, तर ध्वनिवर्धकाकडे पाहा. इतक्या संथ कंपनांसाठी पुरेशी हवा ढकलणे त्याच्या चिमुकल्या पडद्याला जमत नाही; शिवाय आपला कानही खर्जाला जरा बहिराच. तीच गिटार मोठ्या ध्वनिवर्धकाला जोडून ऐका. तेथे तार घुमली, तर तिला हात लावू नका.